कागदाएवढे बळ

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात आमच्या धर्मग्रामात रोज सायंकाळी वाडीवाडीवर प्रार्थना होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी प्रार्थना आटोपून मंडळी अंगणात बोलत उभी असता कोणीतरी वर बोट दाखविले. एकामागून एक, समान अंतर राखून, वीस-पंचवीस दिव्यांची एक रांग आकाशातून निःशब्द सरकत होती. अंगणात क्षणभर शांतता पसरली. एका वृद्ध मावशींनी क्रुसाची खूण केली आणि आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “फादर, मावलीची जपमाळच ती! हे काही चिन्ह असेल का हो?” मागे उभा असलेला एक महाविद्यालयीन तरुण खुदकन हसला. “चिन्ह कसले आजी, उपग्रह आहेत ते. अमेरिकेतल्या एका कंपनीने सोडलेले!” मावशी ओशाळल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

तरुणाचे म्हणणे खरे होते, यात शंका नाही. तरीही ते हसू आम्हांला रुचले नाही, आणि मावशींची घाईही पटली नाही. त्या रात्री आम्ही त्या दिव्यांविषयी वाचावयास घेतले आणि एका वाटेने चालू लागलो असता भलत्याच गावी पोहोचलो. ते उपग्रह प्रथम पृथ्वीपासून तीनशे किलोमीटरांच्या आसपासच्या उंचीवर सोडले जातात. तेथून साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपासच्या आपल्या जागी ते कित्येक आठवडे हळूहळू चढत जातात. त्यांना वर नेणारे इंजिन विजेवर चालते आणि त्याचा रेटा इतका मंद असतो, की पृथ्वीवर ते शाळकरी मुलाची एक वहीदेखील उचलू शकणार नाही.

या मंद बळाचा इतिहास वाचीत असता आम्हांला एका प्राध्यापकाची ओळख झाली. मावशींचा प्रश्न आणि त्या तरुणाचे हसू ही दोन्ही त्यांच्या वाट्याला आली. त्यांचे नाव रॉबर्ट जान. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ते अवकाश-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांच्या कार्याचा परिचय वाचकांना करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

होडी आणि दगड

विषय थोडा शास्त्रीय असला, तरी एका साध्या दृष्टान्ताने तो उलगडतो. अशी कल्पना करा, की आपण शांत पाण्यात होडीत बसलो आहोत, वल्हे हरवले आहे आणि होडीत दगडांची एक रास आहे. एकेक दगड मागे भिरकावला, तर होडी थोडीथोडी पुढे सरकेल. अधिक पुढे जावयाचे असेल तर दोन उपाय आहेत : दगड तरी पुष्कळ हवेत, नाही तर प्रत्येक दगड अधिक वेगाने भिरकावला पाहिजे. अग्निबाणाचे तत्त्व याहून निराळे नाही. फरक इतकाच, की तो दगडांऐवजी वायू मागे फेकतो.

नेहमीच्या अग्निबाणात इंधन जळते आणि त्या ज्वलनाची ऊर्जा वायूला वेग देते. परंतु रासायनिक ज्वलनात जेवढी ऊर्जा साठलेली असते, तेवढीच बाहेर येणार. त्यामुळे उत्तमातल्या उत्तम इंधनाचा वायूदेखील सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटरांपलीकडे जात नाही. मग दगडांची रास वाढवावी लागते. उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाचे बहुतेक सारे वजन इंधनाचेच असते, त्याचे कारण हे.

विजेच्या इंजिनाने ही मर्यादा ओलांडली. तेथे ऊर्जा इंधनातून येत नाही. ती सूर्याच्या किरणांतून अथवा अणुभट्टीतून मिळते, आणि यानावरील वायू केवळ फेकण्यापुरता असतो. वायूच्या अणूमधून इलेक्ट्रॉन काढून घेतला, की तो विद्युतभारित होतो. मग विजेच्या किंवा चुंबकाच्या बळाने त्याला सेकंदाला वीस, तीस, पन्नास किलोमीटर वेगाने मागे फेकता येते. एका दगडात पाच-दहा दगडांचे काम होते.

मात्र याचे मोल द्यावे लागते. यानावर वीज थोडी, म्हणून एका वेळी फेकता येणारा वायूही अगदी थोडा. तळहातावर कागदाचे एक-दोन ताव ठेवले असता जेवढा भार जाणवेल, तेवढाच या इंजिनाचा रेटा. पृथ्वीवर ते स्वतःलादेखील उचलू शकत नाही. परंतु अवकाशात हवेचा अडथळा नसतो. तेथे कागदाएवढे बळ दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने लागत राहिले, तर त्यातून असा वेग साठतो, की जो मोठ्या गर्जनेने उडणाऱ्या अग्निबाणालाही साधत नाही.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेचे रॉबर्ट गॉडर्ड यांनी १९०६ साली आपल्या टिपणवहीत तिचा विचार केला होता. रशियाच्या त्सिओल्कोव्स्की या बहिऱ्या शाळामास्तरांनी १९११ साली ती बोलून दाखविली. हेर्मान ओबेर्थ यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात तिच्यासाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले. पुढे एर्न्स्ट स्टुलिंगर यांनी १९५० च्या दशकात मंगळापर्यंत जाणाऱ्या विद्युत-यानाचा आराखडा तयार केला. युद्धकाळात जर्मनीच्या अग्निबाण-प्रकल्पात काम केलेले हे शास्त्रज्ञ नंतर अमेरिकेत स्थायिक झाले होते.

या स्टुलिंगर यांच्याविषयी एक आठवण आमच्या वाचकांना विशेष वाटेल. १९७० साली आफ्रिकेतील झांबिया देशात सेवा करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा या धर्मभगिनींनी त्यांना पत्र लिहून विचारले, की पृथ्वीवर बालके उपाशी मरत असता मंगळाच्या प्रवासावर कोट्यवधी रुपये उधळावेत कसे? स्टुलिंगर यांनी प्रश्न टाळला नाही. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले. त्यात एका दयाळू सरदाराची कथा होती. गावात रोगराई आणि दारिद्र्य असता हा सरदार भिंगे घासणाऱ्या एका छांदिष्ट माणसाला आश्रय देतो, लोक कुरकुरतात, परंतु त्याच भिंगांच्या धडपडीतून सूक्ष्मदर्शक यंत्र घडते आणि पुढे तेच रोगराईवरच्या लढाईत उपयोगी पडते. त्या उत्तराने सिस्टरांचे समाधान झाले की नाही, हा भाग वेगळा. परंतु ज्याचे फळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळेल याची खात्री नाही, असे काम हाती घेणाऱ्यांची मनोवृत्ती त्यातून दिसते. रॉबर्ट जान हे त्याच वाटेचे प्रवासी.

प्रिन्स्टनची प्रयोगशाळा

जान यांचा जन्म १९३० सालचा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातला. त्याच राज्यातील प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी १९५१ साली अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५५ साली भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. दोन वायूंच्या सीमेवर आघाततरंग कसे वळतात, हा त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय होता. लीहाय विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्था येथे काही वर्षे शिकवून १९६२ साली ते प्रिन्स्टनला परतले आणि तेथे त्यांनी विद्युत-प्रणोदनाची, म्हणजे विजेच्या बळाने यान पुढे लोटण्याच्या विद्येची, प्रयोगशाळा उभारली. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते.

काळ कोणता होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. गागारिन यांचे उड्डाण होऊन वर्षच लोटले होते. चंद्रावर माणूस पाठविण्याची घोषणा झाली होती आणि सर्वांचे डोळे गर्जना करणाऱ्या अजस्र अग्निबाणांकडे लागले होते. अशा वेळी एक तरुण प्राध्यापक कागदाएवढे बळ मोजीत निर्वात टाकीपुढे बसला होता.

विजेने वायूला वेग देण्याच्या तीन रीती आहेत. पहिल्या रीतीत विजेने वायू तापवितात आणि तो प्रसरण पावून नळीतून बाहेर पडतो. दुसऱ्या रीतीत विद्युतभारित अणूंना, म्हणजे आयनांना, विजेच्या दाबाखालील जाळ्यांमधून खेचून बाहेर फेकतात. तिसऱ्या रीतीत वायूचा प्लाझ्मा करून त्यातून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडतात. तो प्रवाह आपले चुंबकीय क्षेत्र स्वतःच निर्माण करतो आणि त्या दोहोंच्या परस्परक्रियेतून प्लाझ्मा बाहेर लोटला जातो. जान यांनी ही तिसरी, सर्वांत अवघड वाट धरली.

तिचे आकर्षण असे, की विद्युत्प्रवाह दुप्पट केला, तर रेटा चौपट होतो. माणसांना वा जड सामानाला दूरच्या ग्रहांवर न्यावयाचे असेल, तर हेच इंजिन उपयोगी पडावे अशी आशा होती. तिची अडचणही तेथेच. प्रवाह हजारो अँपिअरचा लागतो, वीज शेकडो किलोवॅट लागते, आणि इतकी वीज त्या काळी कोणत्याही यानावर नव्हती. प्रयोगशाळेत अखंड पुरविणेही सोपे नव्हते. शिवाय एवढ्या प्रवाहाने धातूचे विद्युत-अग्र झिजून जाते.

प्रिन्स्टनच्या मंडळींनी यावर युक्ती काढली. वीज आधी साठवून ठेवावयाची आणि मग ती एका क्षणात सोडावयाची. तो क्षण असतो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा. पापणी लवावयास जेवढा वेळ लागतो, त्याचा जेमतेम शंभरावा भाग. परंतु प्लाझ्माला स्थिरावण्यास तेवढा वेळ पुरतो. त्या अवधीत त्याचा वेग, तापमान आणि प्रवाहाची वाटणी मोजून घ्यावयाची. असे मोजमाप वर्षानुवर्षे चालले. आमच्या धर्मग्रामातील शिक्षकमंडळींना हे निराळे सांगावयास नको, की खरे ज्ञान अशाच कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदवह्यांतून जमत जाते.

१९६८ साली जान यांचा ‘फिजिक्स ऑफ इलेक्ट्रिक प्रॉपल्शन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या ज्ञानाला त्याने शिस्त लावली. या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या, आणि २००६ साली, म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी, त्याचे पुनर्मुद्रण झाले. झपाट्याने जुन्या होणाऱ्या तंत्रविद्येत हे भाग्य फार थोड्या पुस्तकांना लाभते. १९६७ साली जान पूर्ण प्राध्यापक झाले आणि १९७१ ते १९८६ अशी पंधरा वर्षे ते प्रिन्स्टनच्या अभियांत्रिकी विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लेबनॉनचे एडगर शुएरी यांनी पुढे त्याच प्रयोगशाळेची धुरा वाहिली.

पेरणारे आणि कापणारे

आता प्रश्न असा, की या साऱ्या खटाटोपाचे फळ काय? १९६४ साली अमेरिकेच्या सर्ट-१ या यानावर आयनांचे इंजिन प्रथमच अवकाशात सुमारे अर्धा तास चालले. क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेतील हॅरल्ड कॉफमन यांनी ते घडविले होते. ही दुसऱ्या रीतीची वाट होती. सोव्हिएत संघाने १९७० च्या दशकाच्या आरंभी आपल्या उपग्रहांवर निराळ्या घडणीची प्लाझ्मा-इंजिने चालविली. मात्र अमेरिकेत दूरच्या प्रवासासाठी या इंजिनावर विसंबण्यास पुढची कित्येक वर्षे कोणी धजावले नाही. ‘सिद्ध झालेले नाही म्हणून वापरावयाचे नाही, आणि वापरलेले नाही म्हणून सिद्ध होत नाही,’ असा तो पेच होता.

ऑक्टोबर १९९८ मध्ये डीप स्पेस-१ हे यान झेपावले आणि पेच सुटला. पहिल्याच प्रयत्नात इंजिन साडेचार मिनिटांत बंद पडले. टीकाकारांना वाटले असेल, की संपले सारे. दोन आठवड्यांनी ते पुन्हा सुरू झाले आणि मग मोहीम संपेपर्यंत एकूण १६,००० तासांहून अधिक काळ चालले. त्यासाठी झेनॉन हा वायू लागला केवळ ७३ किलोच्या आसपास. २००१ साली या यानाने बोरेली धूमकेतूचे जवळून दर्शन घेतले.

त्याच वर्षी युरोपात एक प्रसंग घडला. आर्टेमिस नावाचा दळणवळण उपग्रह जुलै २००१ मध्ये अग्निबाणातील दोषामुळे फार खालच्या कक्षेत अडकला. उपग्रह वाया गेला असेच कोणीही म्हटले असते. परंतु त्यावर लहानशी आयन-इंजिने होती. ती ठेवलेली होती कक्षेतील किरकोळ सुधारणांसाठी. जर्मनीतील गीसन विद्यापीठाचे प्राध्यापक होर्स्ट ल्योब यांनी १९६० च्या दशकापासून ज्या जातीच्या इंजिनासाठी आयुष्य वेचले होते, त्या जातीची इंजिने त्यांत होती. आधी साध्या इंधनावर काही उंची गाठल्यानंतर या इंजिनांनी दिवसाला सुमारे पंधरा किलोमीटर या गतीने उपग्रहाला वर चढविले आणि जानेवारी २००३ अखेर तो आपल्या ठरलेल्या जागी पोहोचला. बलवानाने अर्ध्या वाटेत टाकलेले ओझे दुर्बळाने दीड वर्षांत मुक्कामी नेले.

पुढे २००७ साली निघालेल्या डॉन यानाने व्हेस्टा आणि सीरीज अशा दोन खगोलांभोवती पाळीपाळीने प्रदक्षिणा घातल्या. तसे करणारे ते पहिले यान. मोटारगाडी काही सेकंदांत जो वेग गाठते, तो गाठावयास त्याच्या इंजिनाला चार दिवस लागत. आपल्या देशालाही या वाटेवर ठेच लागल्यावाचून राहिली नाही. विद्युत-इंजिने असलेला जीसॅट-४ हा उपग्रह एप्रिल २०१० मध्ये अग्निबाणाच्या अपयशामुळे समुद्रार्पण झाला. ५ मे २०१७ रोजी श्रीहरिकोटा येथून गेलेल्या जीसॅट-९ या उपग्रहावर मात्र भारताचे विद्युत-प्रणोदन अवकाशात पोहोचले.

या सर्व यशांत जान यांचा वाटा कोणता? ग्रंथाचा, विद्यार्थ्यांचा आणि विषयाला मिळवून दिलेल्या प्रतिष्ठेचा वाटा मोठा आहे. परंतु ज्या तिसऱ्या रीतीच्या बलाढ्य इंजिनासाठी त्यांनी प्रयोगशाळा राबविली, ते अद्यापि चाचणीच्या पायरीवर आहे. १९९५ साली जपानच्या एका यानावर त्याची लहान प्रतिकृती अवकाशात चालवून पाहण्यात आली. पुरेशी वीज पुरविणारे यान अजून घडावयाचे आहे. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे शुभवर्तमानातील वचन प्रयोगशाळेलाही लागू पडते.

तळघरातील दुसरी प्रयोगशाळा

येथवरची कथा सांगून थांबलो असतो, तर एका आदर्श प्राध्यापकाचे चरित्र पुरे झाले असते. परंतु ते अर्धसत्य झाले असते.

१९७७ च्या सुमारास पदवीवर्गातून जान यांच्याकडे एक विनंती आली. मनाच्या इच्छेचा यंत्रावर परिणाम होतो काय, असा प्रकल्प हाती घ्यावयाचा होता आणि मार्गदर्शक हवा होता. जान यांनी आधी काहीशा संशयानेच होकार दिला. पण त्या प्रश्नाने त्यांनाच धरून ठेवले. १९७९ साली त्यांनी अभियांत्रिकी इमारतीच्या तळघरात एक दुसरी प्रयोगशाळा उघडली. मानसशास्त्राच्या अभ्यासक ब्रेन्डा डन तिच्या व्यवस्थापक होत्या. त्या वेळी जान हे संपूर्ण विद्याशाखेचे अधिष्ठाता होते, हे ध्यानात घेतले म्हणजे केवढी खळबळ माजली असेल याची कल्पना येते.

प्रयोग साधा होता. नाणे उडवावे तसे छाप-काटा ठरविणारे एक विद्युत-यंत्र होते. ते एका डावात २०० वेळा नाणे उडवी. सरासरी १०० छाप यावेत हे उघड आहे. समोर बसलेल्या व्यक्तीने यंत्राला हात न लावता मनात इच्छा धरावयाची, की छाप अधिक पडोत, किंवा कमी पडोत. कधी काहीच इच्छावयाचे नाही. दुसऱ्या एका प्रयोगात भिंतीएवढ्या चौकटीतून नऊ हजार हलके चेंडू खुंट्यांवर आपटत खाली येत आणि बसलेल्याने त्यांना मनाने डावीकडे वा उजवीकडे वळवू पाहावयाचे. जान यांचे म्हणणे असे, की लक्षावधी डावांच्या हिशेबात इच्छेच्या दिशेने किंचित कल दिसतो. किती किंचित? दहा हजारांत दोन-तीन नाण्यांचा.

वैज्ञानिक जगाने हे मानले नाही. एवढ्याशा फरकाचे कारण यंत्रातील बारीकसा दोष किंवा आकडे निवडण्यातील अजाणता झालेली चूकही असू शकते, हा आक्षेप रास्त होता. काहींनी मात्र आक्षेपावर न थांबता उपहास केला. त्या अंगणातील तरुणाचे हसू येथे विद्वानांच्या ओठांवर होते.

मग कसोटीची वेळ आली. प्रिन्स्टन, फ्रायबुर्ग आणि गीसन येथील तीन प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग ठरलेल्या पद्धतीने पुन्हा केला. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अपेक्षित परिणाम हाती लागला नाही. इच्छेच्या दिशेचा जो कल पूर्वी दिसल्याचे सांगितले होते, तो विश्वास ठेवण्याजोग्या प्रमाणात पुन्हा दिसला नाही. त्या निबंधावर पहिले नाव रॉबर्ट जान यांचेच होते. आकड्यांच्या घडणीत अजून काही विलक्षण आहे असे ते म्हणत राहिले, आपले मत त्यांनी सोडले नाही. परंतु प्रतिकूल निकाल त्यांनी दडविला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, जान निवर्तले.

दोन मंद बळे

या आयुष्याकडे कसे पाहावे? एका बाजूने म्हणता येईल, की थोर अभियंत्याची उतारवयात वाट चुकली. दुसऱ्या बाजूने काही जण म्हणतात, की जगाने एका द्रष्ट्याला ओळखले नाही. आम्हांला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात.

आमच्या मते जान यांची वृत्ती दोन्ही प्रयोगशाळांत एकच होती. इतरांना जे नगण्य वाटते, ते चिकाटीने मोजावयाचे. लहान म्हणून टाकून द्यावयाचे नाही. या वृत्तीनेच विद्युत-इंजिनाची विद्या उभी राहिली. मग एका ठिकाणी निसर्गाने साद दिली आणि दुसऱ्या ठिकाणी दिली नाही, असे का? बळ लहान होते म्हणून नव्हे. कागदाएवढा रेटाही लहानच आहे. परंतु तो क्लीव्हलंडला मोजा, मॉस्कोला मोजा, बंगळूरला मोजा. श्रद्धेने मोजा वा संशयाने मोजा. तो तितकाच भरतो आणि दिवसागणिक साठत जातो. तळघरातील बळ दुसऱ्यांच्या हाती जाताच ओसरले. ज्या गीसन गावातील विद्यापीठाने आर्टेमिसला तारणाऱ्या इंजिनाची विद्या दिली, त्याच गावात हे दुसरे बळ कसोटीला उतरले नाही, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. सत्य लहान असू शकते. ते सांगणाऱ्याच्या अंगणापुरते असू शकत नाही.

आमचे काही वाचक येथे हळहळतील. मनाचे सामर्थ्य यंत्राने सिद्ध झाले असते, तर आत्मा मानणाऱ्या आपल्यासारख्यांना केवढा आधार मिळाला असता, असे त्यांना वाटेल. आम्ही नम्रपणे असहमत आहोत. सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकविताना आमचे गुरुजन सांगत, की आत्मा ही वस्तूंमधली आणखी एक वस्तू नव्हे. काट्यावर जे तोलता येईल, ते काट्याच्या जगातले. आपली श्रद्धा दहा हजारांतील दोन-तीन नाण्यांवर टांगलेली असती, तर २००० सालीच ती खाली पडली असती.

आणि ख्रिस्तसभा स्वतः या बाबतीत किती सावध आहे! लुर्द येथे आजार बरा झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले; तेथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीची व्यवस्था आहे, तपासणाऱ्यांत श्रद्धा न मानणारे डॉक्टरही असतात. एवढ्या दाव्यांपैकी चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरच्या आसपास घटनांना. चिन्हाची तहान सर्वांनाच असते. परंतु चिन्ह म्हणण्यापूर्वी थांबणे हादेखील भक्तीचाच भाग आहे.

तरीही उपहास करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. १९०६ साली गॉडर्ड यांच्या वहीतील कल्पनेला कोणी हसले असते, तर तेही त्या वेळी शहाणेच ठरले असते. प्रश्न विचारण्यात जान यांची चूक नव्हती. उत्तर न आल्यावर तो प्रश्न खाली ठेवणे त्यांना जमले नाही, आणि ते आपल्यापैकी किती जणांना जमते? आपल्या लाडक्या मताविरुद्धचा निकाल स्वतःच्या सहीने प्रसिद्ध करणे तर त्याहून दुर्मिळ.

मावशी आता हयात नाहीत. त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सानंतर आम्ही त्यांना थांबवून त्या दिव्यांची हकीकत सांगितली होती. कागदाएवढ्या बळाने ते आठवड्यामागून आठवडे वर चढतात, हेही सांगितले. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे चिन्ह नव्हते तर. पण फादर, एवढ्याशा जोरावर एवढं वर जायचं म्हणजे चिकाटी पाहिजे हो!”

तो तरुण आता अभियंता झाला आहे आणि सुट्टीत घरी आला, की भेटावयास येतो. मागच्या खेपेस आम्ही त्याला जान यांची ही संपूर्ण कथा सांगितली, तळघरातील प्रयोगशाळेसह. या वेळी तो हसला नाही. निघताना त्याने एवढेच विचारले, “त्या निबंधावर पहिलं नाव त्यांचंच होतं ना, फादर?”